खट् होईस्तोवर

भामाबाईच्या खोलीत भिंतीला एक खिळा होता आणि त्याला काहीही टांगायला बंदी होती.

खोली मुकुंदवाडीत, दहा बाय दहाची, वर पत्रे. तीन माणसांचे कपडे आणि दोरी एकच. सांडू एकदा कंपनीतून दमून आला आणि त्यानं शर्ट काढून सहज त्या खिळ्याला अडकवला. म्हातारीनं तो उचलून बाहेर टाकला. "त्या खिळ्यावर तुझा बाप हाय," ती म्हणाली.

बाप, म्हणजे कडुबा, तिथं नव्हता. वीस वर्षं तो कुठंच नव्हता. जिवंतपणी वैजापूरच्या बाजारात पुठ्ठ्याच्या विमानात बसून त्यानं एक फोटो काढून घेतला होता. विमानाला पंख एकच होता, कडुबाच्या पायांत वहाण नव्हती, पण चेहरा मात्र पायलटचा. तो वारल्यावर फोटो भिंतीवर गेला. पुढं अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्यात गावातली त्यांची वस्तीही पेटली. दुसऱ्या दिवशी भामाबाईनं राखेत हात घालून घर शोधलं. घरापैकी फोटोचा हा खिळा सापडला. तो पदराच्या गाठीला बांधून ती पोरासकट औरंगाबादेत आली. तेव्हापासून सहा खोल्या बदलल्या. दर वेळी सामान लावायच्या आधी खिळा ठोकला जायचा. घरमालकाला वाटायचं, बाई हौशी आहे.

त्याच राखेपुढं एक पेपरवाला तिचा फोटो काढून गेला होता. "पाठवतो," म्हणाला होता. आता सतरावं वर्ष लागलं होतं. म्हातारीचा त्यावर एकच शेरा असे, "माझं तोंड नेलं अन् परत नाय केलं." म्हणून तिचा नियम ठरला: फोटो काढला तर घरच्याच माणसानं काढायचा, घरच्याच यंत्रानं, आणि तो ह्याच खिळ्याला लागायचा.

मधल्या काळात नावासाठी मोर्चे निघाले. भामाबाई बहुतेक मोर्चांत चालली, सांडू निम्म्या मोर्चांत. बाकीच्या वेळी त्याची शिफ्ट असायची. चिकलठाण्याला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, शिफ्टला काही तोटा नव्हता. सोळा वर्षांनी, संक्रांतीच्या दिवशी, बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. सोळा वर्षं चालल्यावर माणूस शब्दावर अडत नाही, आधी बसायला जागा बघतो. त्या दिवशी नेमकी म्हातारी तापानं फणफणलेली. गल्ली गुलालानं निळी झाली आणि ती गोधडीखालून विचारत राहिली, "लागलं का? खरंच लागलं?"

वर्ष गेलं. म्हातारीचा एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आला. तेव्हा ती सांडूला म्हणाली, "औंदाच्या चौदा तारखंला मला इद्यापीठाच्या गेटापाशी ने. गेटापुढं माझा फोटू काढ. दिसतंय तोवर बघून घेते. पुढच्या साली कशाला काढतो, आंधळीला दाखवायला?"

सांडू चाळीशीचा, पंधरा वर्षं पॉवर प्रेसवर. पत्र्याची पट्टी सरकवायची, पायडल दाबायचं, वरून प्रेस पडायचा, खट्, नटाखालचा वायसर तयार. एका शिफ्टला हजारो वायसर. ह्या धंद्यात त्यानं डाव्या हाताची दीड बोटं कंपनीकडे जमा केली होती. कॅमेरा त्याच्याकडं नव्हता, गल्लीत कुणाकडंच नव्हता. पण त्याच्याकडं मुंजाबा होता.

मुंजाबा त्याचा दोस्त, मूळचा मेंढरामागचा. आता गारखेड्यात हाडाच्या डॉक्टरकडं अंधाऱ्या खोलीत एक्स-रे धुवायचा. त्या खोलीच्या दाराला खिळ्याएवढं भोक होतं. दुपारी मुंजाबा आत भाकर खायला बसला की समोरच्या भिंतीवर अख्खा गारखेड्याचा रस्ता उलटा दिसायचा. रिक्षा डोक्यावर चालायच्या, म्हशी पाय वर करून जायच्या. मुंजाबाला वाटलं, आपलं डोकं फिरलं. त्यानं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. मग डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बारीक भोकातून उजेड असाच येतो, कॅमेऱ्याचं मूळ तेच. डोकं ठीक असल्याचं कळल्यावर मुंजाबाला थोडं वाईटच वाटलं.

"भोक भिंतीवर रस्ता काढतंय," तो सांडूला म्हणाला, "तर फिल्मवर तुझी माय नाय काढणार व्हय? डबा आण. मुदत संपलेल्या फिल्मचे पाच तुकडे हायेत माझ्यापाशी. डॉक्टर फेकायलाच लागला व्हता."

डबा ग्रीसचा मिळाला, कंपनीच्या भंगारातून. आतून कंदिलाची काजळी फासली. भोकासाठी पातळ पत्रा हवा होता. सांडूच्या बायकोनं, राजाबाईनं, टूथपेस्टची नळी आठ दिवस पिळून पिळून शेवटी कात्रीनं फाडून दिली. त्या पत्र्याला सुईनं भोक पाडलं आणि तो डब्याला चिकटवला. कॅमेरा झाला. राहिलं फक्त भोकाचं झाकण, जे हवं तेव्हा उघडेल आणि हवं तेव्हा बंद होईल. मुंजाबा त्याला शटर म्हणाला. दुकानाला असतं तसं? व्हय, तसंच, पण टाचणीच्या दुकानाचं.

उन्हात तीन मोजेपर्यंत उघडं ठेवायचं, असा मुंजाबाचा अंदाज. पहिल्या खेपेला सांडूनं भोकावर बोटच ठेवलं होतं. बोट उचललं, डबा हलला. फिल्मवर भामाबाईच्या जागी धूर आला.

दुसऱ्या खेपेला त्यानं नीट यंत्र केलं. दाढीचं ब्लेड, बॉलपेनची स्प्रिंग, दोन वायसर, अर्थात स्वतःच पाडलेले. कळ दाबली की ब्लेड बाजूला व्हायचं आणि स्क्रूवर आपटायचं, सोडली की परत येऊन पुन्हा आपटायचं. म्हातारीला दारापुढं स्टुलावर बसवलं.

"माय, हालायचं नाय. खट् होईस्तोवर दगडासारखं बसायचं. दुसरं खट् झालं की सुटलीस."

"बरं. खट् होईस्तोवर."

त्यानं कळ दाबली. खट् झालं. आणि त्याच क्षणी सांडूचे दोन्ही हात झटक्यात मागं आले, इतक्या जोरात की डबा उंबऱ्यावरून उडून राजाबाईच्या पिठात पडला.

"काय चावलं?" मुंजाबानं विचारलं.

काही चावलं नव्हतं. पंधरा वर्षांत सांडूच्या हातांना एकच गोष्ट कळली होती: खट् झालं की तिथं राहायचं नाही. दीड बोट गेल्यावर तर हात त्याला विचारतही नसत. कुणी दाराची कडी लावली, तरी जेवता जेवता त्याचा हात ताटातून उडायचा.

तिसऱ्या खेपेला त्यानं कळीला दोरी बांधली आणि स्वतः सहा हात लांब उभा राहिला. दोरी ओढली, खट् झालं, हात मागं आले, हातासोबत दोरी आली, दोरीसोबत डबा आला. फिल्मवर भामाबाई तीन ठिकाणी निघाली, तिन्ही ठिकाणी वैतागलेली.

"एका मायचं करता करता नाकी नऊ येत्यात," राजाबाई म्हणाली, "तुम्ही तीन करून ठिवल्या."

दोन तुकडे उरले. सांडू रात्रपाळी करून आला की झोपायच्या ऐवजी उंबऱ्यात बसून डब्याकडं बघत बसे. हात सुधारायचे नाहीत, हे त्याला कळत होतं. ह्या वयात कोण सुधारतं. मग खट्च काढून टाकायचं. त्यानं स्प्रिंग काढून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मोडक्या छत्रीची काडी घेऊन कळ केली. ब्लेड जिथं जिथं आपटायचं तिथं हवाई चप्पल कापून गाद्या घातल्या. चप्पल मुंजाबाची होती. काडी दाबून धरली की ब्लेड भोकावरून सरकायचं, सोडली की ट्यूब त्याला परत आणायची, आणि ह्या सगळ्यात आवाज म्हणून नाही. मांजर चालावं तसं. चौथा तुकडा लावून तपासलं, तेव्हा भामाबाई देवगाव रंगारीला बहिणीकडं गेली होती. म्हणून स्टुलावर पाण्याचा माठ ठेवला. माठ सुरेख निघाला. काठाचा टवका सुद्धा दिसत होता. सांडूच्या हातांना काही घडल्याचं कळलंच नाही.

"आता एकच तुकडा," मुंजाबा म्हणाला. "अंधारात भरून देतो. एकदा भरला की डबा उघडायचा नाय. उघडला की गेला. अन् ऊन कमी असलं तर जास्त मोज."

चौदा जानेवारीला सांडू डबल ड्युटी करून थेट सकाळी घरी आला. बदली कामगार आला नव्हता, सुपरवायझर साहेबराव म्हणाला होता, "तुला सुट्टी पाहिजे ना? मग आधी कमव." सोळा तास प्रेस मारून त्याच्या डोळ्यांपुढं वायसर तरंगत होते. भामाबाई पांढरं लुगडं नेसून केव्हाची तयार. डबा फडक्यात बांधला, टेम्पोत जागा मिळाली तशी बसली, आणि दुपारी बाराला दोघं विद्यापीठाच्या रस्त्याला लागली. माणसांचा पूर होता. निळे झेंडे, ढोल, पुस्तकांची दुकानं, लेझीम, कडेवरची लेकरं. आणि जागोजागी पोलीस.

पहिल्याच अडसराशी एका हवालदारानं काठी आडवी धरली. काकासाहेब नाव, वर्दीवर लिहिलेलं. त्यानं फडकं सोडायला लावलं. आतून निघाला ग्रीसचा बंद डबा, त्याला छत्रीची काडी, रबराची पट्टी आणि ब्लेड. दोन वर्षांपूर्वीच मुंबईत स्फोट झालेले. काकासाहेब तीन पावलं मागं गेला.

"डब्यात काय?"

"अंधार," सांडू म्हणाला. चेष्टा करायची ताकद त्याच्यात नव्हती. खरं तेच सांगितलं.

"उघड."

"उघडला तर वाया जाईल."

"काय वाया जाईल?"

"अंधार."

हवालदारानं दोघांना बाजूला बसवलं आणि डबा रिकाम्या जागी मधोमध ठेवून त्याच्याभोवती चार दगड लावले. साहेब येईपर्यंत थांबायचं. साहेब लांब होते. एक वाजला, दोन वाजले. ऊन डोक्यावरून सरकलं. भामाबाई दगडांच्या पलीकडं डब्यावर नजर लावून बसली, न जाणो कुणी उघडला तर. डोळ्यांपुढनं माणसांचा पूर गेटाकडं जात होता आणि परतीचा पूर परत येत होता. साडेचारला फौजदारसाहेब आले. तीन दिवस उभे असल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

"साहेब, त्यात माझा फोटू हाय," म्हातारी त्यांना म्हणाली.

"मग दाखव की बाई."

"अजून काढला नाय."

"मग आत काय आहे?"

"तेच तर सांगते. अजून कायबी नाय. म्हून तर उघडायचा नाय."

साहेबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग म्हणाले, "काकासाहेब, ह्यांच्यासोबत गेटापर्यंत जा. फोटो होईपर्यंत जवळून हलायचं नाही. फुटलाच डबा, तर तुम्हाला आधी कळेल. मग मला कळवा."

असे तिघं निघाले. गर्दीतून वाट काढत गेटापाशी पोचेपर्यंत सूर्य टेकला होता. तीन मोजायचं ऊन कधीच गेलं होतं. सांडूनं दुभाजकाच्या कडेला दोन विटा रचून डबा ठेवला, त्याच्यामागं मांडी घातली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं गेट. भामाबाईला गेटासमोर नेऊन जमिनीवर बसवलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि न दिसणाऱ्या डोळ्यासकट दोन्ही डोळे डब्याकडं लावले. काकासाहेब हुकमाप्रमाणं तिच्या बाजूला, काठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"हालू नको, माय!" सांडू ओरडला.

"ठावं हाय!" ती ओरडली.

उजेड किती, मोजायचं किती, काही कळत नव्हतं. तीनाचे शंभर करू, असं त्यानं ठरवलं. छत्रीची काडी दाबली. ब्लेड मुकाट्यानं सरकलं. सांडू मोजायला लागला, जसं तो जन्मभर मोजत आला होता, एकेक वायसर. एक पडला. दोन पडले. तीन पडले. मधून माणसं जात होती, ढोल जात होते, कुणी पोराला खांद्यावर घेऊन गेट दाखवत होतं. वीस पडले. डब्याला टेकलेलं कपाळ गार लागत होतं, बरं वाटत होतं. तीस. एकतीस. बत्तीस.

प्रेसवर पंधरा वर्षांत त्याला एकदाही डुलकी लागली नव्हती. दर ठोक्याला खट् व्हायचं आणि हात उडायचे. झोपतो कसला माणूस. इथं खट् नव्हतं. हातांना पहिल्यांदाच कुणी उठवायला आलं नाही. ते काडी दाबून तसेच राहिले, आणि सांडू झोपला.

जाग आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्यानं दचकून काडी सोडली. ब्लेड मुकाट्यानं परत आलं. त्यानं समोर पाहिलं. भामाबाई तशीच बसलेली होती. हात गुडघ्यांवर, नजर डब्यावर. तिच्या ओच्यात दोन लाडू, एक गुलाबाचं फूल आणि एक पत्रक पडलेलं. शेजारी काकासाहेब काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या घोरत होता.

सांडू धावला. "माय! अगं, उठली का नाय तू?"

तिचे ओठ जेमतेम हलले. "खट् झालं का?"

खट् काढून टाकल्याचं त्यानं माठाला दाखवलं होतं. मायला सांगायचं राहून गेलं होतं.

"झालं," तो म्हणाला. "झालं, माय. सुटलीस."

तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला. तिला उठवायला दोघं लागले. दुसरा काकासाहेब, जो जागा होऊन काहीच झालं नसल्यासारखं दाखवत होता. "तीन बँड गेले मधून," म्हातारी गुडघे चोळत म्हणाली. "एक जण तर पाया पडला. मला वाटलं आता बोलावं, पर खट् नव्हतं झालं. लई लांबचा फोटू हाय रं ह्यो."

"फोटोत मी आलो असलो," काकासाहेब हळूच म्हणाला, "तर साहेबांना दाखवू नका. डोळे मिटलेले असतील."

दुसऱ्या दिवशी मुंजाबानं अंधाऱ्या खोलीचं दार लावलं आणि डबा हातात घेतला.

"किती मोजलं?"

"बत्तीसपर्यंत आठवतंय."

"पुढं?"

"पुढं राजाबाई मेथी निवडत व्हती."

मुंजाबानं कपाळावर हात मारला. अंधारात दिसला नाही, ऐकू आला. "जळाली भाकर," तो म्हणाला. तरी त्यानं फिल्म औषधाच्या पाण्यात सोडली. सांडू भिंतीला टेकून बसला. आपण मायला पुढच्या वर्षी काय दाखवणार, ह्याचा विचार करायचीही त्याची ताकद उरली नव्हती. लाल दिव्यात मुंजाबा वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "सांडूभाऊ, हिकडं ये. अन् मला सांग, तिथं गर्दी व्हती म्हणालास ना?"

घरी राजाबाईनं एक्स-रेचं पाकीट बघितलं आणि घाबरून विचारलं, "कुणाचं काय मोडलं?"

भामाबाईला दारात, उजेडात बसवलं. एक्स-रेच तो, पांढरं काळं आलेलं, काळं पांढरं. तिनं फिल्म डोळ्याशी धरली. नखं न् नखं दिसावी अशी ती स्वतः होती, लुगडं काळंकुट्ट, चेहरा लख्ख पांढरा. "जलमभर काळी काळी म्हनत मारलं," ती म्हणाली, "अन् आता झाले गोरी." मागं गेट होतं, कमान न् खांबांसकट. शेजारी काठीवर टेकलेला काकासाहेब, तोही कोरून काढल्यासारखा. बाकी रस्ता रिकामा. नुसतं जमिनीलगत धुरकट काहीतरी.

"नाव आलंय का?" तिला वाचता येत नव्हतं.

नावाच्या जागी एक पुसट पट्टी होती. "आलंय," सांडू म्हणाला. ते खोटं नव्हतं. नाव तिथंच होतं. डब्याला वाचता येत नव्हतं, एवढंच.

"अन् माणसं? एवढी माणसं कुठं गेली?"

"ती चालत व्हती, माय. चालणारा ह्यात येत नाय. बसलेला येतो. झोपलेला येतो."

भामाबाई कितीतरी वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिली. "सोळा वर्षं चालले," ती म्हणाली, "तवा कुठंच नाय आले. दमून बसले तर आले." मग फिल्म जरा लांब धरून, "पर हे बरं नाय दिसत. बघणाऱ्याला वाटंल, म्हातारीनं अन् पोलिसानं दोघांनीच आणलं नाव."

सांडूनं फिल्म नेऊन भिंतीवरच्या खिळ्याला लावली. भिंतीवर ती नुसती काळी दिसली. मागून उजेड नसला तर एक्स-रे आणि तवा सारखाच. त्यानं म्हातारीकडं पाहिलं. म्हातारीनं खिळ्याकडं पाहिलं. सहा खोल्यांत तो कधी भिंत सोडून कुठं गेला नव्हता.

"काढ," ती म्हणाली. "खिडकीत ठोक."

सांडूनं खिळा उपटला आणि खिडकीच्या चौकटीत ठोकला. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला त्याचा हात मागं उडत होता, म्हणून वेळ लागला. फिल्म लटकली. गल्लीतला उजेड मागून आला आणि गेट उघडलं. भामाबाई जवळ जाऊन, चांगला डोळा लावून उभी राहिली.

फिल्मच्या आरपार गल्ली दिसत होती. रिकाम्या रस्त्यावरून, गेटासमोरून, तिच्या आणि काकासाहेबाच्या मधून एक सावली डावीकडून उजवीकडं गेली.

"आला," भामाबाई म्हणाली. "माणूस आला."

सांडूनं खिडकीतून बाहेर डोकावलं. शेजारचा भिकन होता, हातात टमरेल, घाईत.

"येऊ दे," म्हातारी म्हणाली आणि स्टूल ओढून तिथंच बसली. "त्याच्यामागं अजून येतील."

सांडूनं शर्ट काढला. जुन्या भिंतीवर आता खिळ्याचं नुसतं भोक उरलं होतं. शर्ट तसाच हातात घेऊन तो जमिनीवर आडवा झाला, आणि बत्तीसच्या पुढं मोजायला लागला.